चार तारांचा प्रपंच

ज्या घरांत तंबोरा भिंतीला टेकून उभा आहे, त्या घरांतील मंडळींस खर्ज म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. चार तारांतील शेवटची जाड पितळी तार ती खर्जाची. ती उतरली तर गवई कितीहि तयारीचा असो, बैठक लंगडी पडते. हाच खर्ज आज लग्नाच्या मांडवांत, गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर आणि सिनेसंगीताच्या कार्यक्रमांत बेस गिटार नांवाचें चार तारांचें विजेचें वाद्य पुरवितें. तें वाद्य विकत घेणें, वागविणें, आणि नकोसें झालें म्हणजे विकणें हा एक स्वतंत्र प्रपंच होऊन बसला आहे. सुशिक्षित घरांतील मुलेंहि त्यांत शिरूं लागलीं असल्यामुळें वडील मंडळींनीं त्याची थोडी माहिती करून घ्यावी हें बरें. कारण पैसा बहुधा त्यांच्याच पेटींतून जावयाचा असतो.

साक्री हें धुळें जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव कान नदीच्या कांठीं, सुरतेहून धुळ्यावरून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलें आहे. पश्चिमेस पिंपळनेर ओलांडलें कीं डोंगर सुरू होतो आणि कोकणा, भिल्ल, मावची लोकांची वस्ती लागते. घुमणाऱ्या सुरांचें वेड या मुलखाला आजचें नाहीं. डोंगरवस्तींत पावरी नांवाचें वाद्य वाजतें : वाळलेला भोपळा, त्याला बसविलेल्या बांबूच्या नळ्या, आणि शोभेला मोरपिसें. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवांत किंवा सोंगी मुखवट्यांच्या नाचांत तिचा अखंड घोगरा सूर ज्यानें एकदां ऐकला आहे, त्याला खानदेशच्या वरातींतून आज कीबोर्डवर पावरीच्या चाली कां वाजतात हें विचारावें लागणार नाहीं. पूर्वींचा पितळी वाद्यांचा बँड जाऊन आतां गाडीवर रचलेले ध्वनिक्षेपक, एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि एक गाणारा असा थाट झाला आहे. हिंदुस्थानांतील लग्नाच्या बँडांवर ऑक्लंड विद्यापीठांतील ग्रेगरी बूथ या अभ्यासकानें ‘ब्रास बाजा’ नांवाचा सबंध ग्रंथ २००५ सालीं प्रसिद्ध केला. आपण मात्र वरात दारावरून गेली कीं खिडकी लावून घेतों.

विजेच्या बेस गिटारचें वय फार नाहीं. तिच्या आधीं हें काम डबल बेस हें माणसाहून उंच, उभें धरावयाचें वाद्य करी. अमेरिकेंत सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत आडवी धरावयाची विजेची बेस बनविली, पण ती फारशी खपली नाहीं. पुढें १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बेस’ बाजारांत आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसला पडदे नसतात, सारंगीप्रमाणें सारा भरंवसा कानावर आणि बोटावर; फेंडरनें पडदे बसविले आणि सामान्य हाताला नेमका सूर सांपडूं लागला. गंमत अशी कीं हा फेंडर मुळांत रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नसे.

मुंबईच्या सिनेसंगीतांत हें वाद्य बऱ्याच अंशीं गोंवेकर वादकांच्या हातून रुळलें. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांतील टोनी वाझ यांचें नांव जाणकार आदरानें घेतात. चरणजित सिंग हे असेच दुसरे वादक. बेस आणि गिटार दोन्ही वाजवीत, आणि नव्या यंत्रांची त्यांना आवड. १९८२ सालीं त्यांनीं जपानी रोलंड कंपनीचीं तीन यंत्रें घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. त्या तिघांपैकीं टीबी-३०३ हें यंत्र एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलें होतें. त्या कामांत तें सपशेल फसलें आणि १९८४ सालीं कंपनीनें तें बंद केलें. जुन्या मालांत स्वस्तांत विकलीं गेलेलीं तींच यंत्रें शिकागोच्या तरुणांनीं उचललीं, त्यांतून नाचाच्या संगीताचा एक नवा पंथ निघाला, आणि आज त्याच यंत्राला मूळ किंमतीच्या कितीतरी पट मोल येतें. जुन्या वाद्यांच्या बाजारांत असले चमत्कार घडतात खरे. पण त्यांच्यावर हिशेब बांधून कोणी माल घेऊं नये.

आतां खर्चाचें मूळ कोठें आहे तें पाहूं. बेसची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ४१ आंदोलनें करते, तिच्या शेजारची ५५. ४१ आंदोलनांच्या नादाची एक लाट हवेंत आठ मीटरांहून अधिक लांब असते; म्हणजे साधारण दिवाणखान्यांत ती पुरी मावतहि नाहीं. एवढी लाट उठवावयाची तर पुष्कळ हवा हलवावी लागते. एकाच ध्वनिक्षेपकानें एक सप्तक खालचा सूर तितक्याच जोरानें काढावयाचा झाल्यास त्याच्या पडद्याला चौपट मागेंपुढें व्हावें लागतें. शिवाय माणसाचा कान खालच्या सुरांना मुळांतच थोडा मंद. म्हणून साध्या गिटारवाल्याचें काम ज्या खोक्यांत भागतें, त्यांत बेसवाल्याचें भागत नाहीं. त्याला मोठें खोकें, मोठा पडदा आणि अधिक शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. तंबोऱ्याचा भोपळा मोठा कां, आणि मिरजेचे कारागीर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे पारखून कां घेतात, याचें उत्तरहि याच जातीचें आहे. (मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें जातां जातां सांगण्यासारखें.)

एके काळीं या खोक्यांचें वजन हीच वादकाची पाठदुखी होती. १९६९ सालीं निघालेला अँपेग कंपनीचा तीनशें वॅटचा नळ्यांचा अ‍ॅम्प्लिफायर खोकें वगळून एकटाच चाळीस किलोंच्या आसपास भरे. आतां नव्या पद्धतीच्या मंडलांमुळें तितक्याच शक्तीचा अ‍ॅम्प्लिफायर दोन-तीन किलोंत येतो आणि एस्टीच्या बांकाखालीं मावतो.

घेणाऱ्यानें प्रथम काय घ्यावें? आमचें मत स्पष्ट आहे : पैसा वाद्यांत घालावा, खोक्यांत नव्हे. खानदेशांतील कार्यक्रमांस ध्वनिक्षेपणाची सामग्री बहुधा कंत्राटदाराची असते. बेसची तार एका डबीमार्फत थेट त्याच्या मिक्सरला जोडतां येते, डी. आय. नांवाची ही डबी दोन-चार हजारांत मिळते आणि मोठ्या खोक्याचा खर्च वांचविते. स्वतःला ऐकूं येण्यापुरता एक लहान अ‍ॅम्प्लिफायर असला म्हणजे झालें. मोठ्या खोक्याचा मोह ज्याला आवरत नाहीं, त्यानें तें टेम्पोंतून पिंपळनेरला एकदां नेऊन आणावें. मोह बराच ओसरतो.

नवशिक्यास चालण्याजोगी, इंडोनेशियांत किंवा चीनमध्यें घडलेली नवी बेस पंधरा ते पंचवीस हजारांत येते. १९९१ च्या धोरणबदलापूर्वीं परदेशी वाद्य म्हणजे परवाना, जकात, नाहीं तर बोटीवरच्या ओळखीचा माणूस. त्या मानानें आजचा वादक सुखी आहे. मुंबईस धोबीतलावाजवळ फुर्टाडोसारखें १८६५ पासूनचें दुकान आहे. तेथें वाद्य हातांत घेऊन, वाजवून पाहतां येतें. साक्रीच्या मुलाला धुळें, नाशिक, सुरत किंवा मुंबई यांपैकीं कोठें तरी जावें लागतें, नाहीं तर टपालानें मागवून दैवावर हवाला ठेवावा लागतो. प्रवासखर्च जाईल, पण पहिलें वाद्य हातीं घेतल्यावांचून घेऊं नये असेंच आम्ही म्हणूं.

खरी परीक्षा आहे ती जुनें वाद्य घेतांना. विक्रेता कोणीहि असो, मित्र असला तर अधिकच, पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढूं नयेत. मानेवरून एका डोळ्यानें, सुतार फळी पाहतो तसें पाहावें. मान पिळलेली असेल तर तो दोष सहसा जात नाहीं. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मधल्या पडद्यांपाशीं पत्त्याच्या जाडीएवढी फट राहिली तर ठीक. फार राहिली किंवा मुळींच राहिली नाहीं, तर मानेंतील पोलादी कांब (तिला ट्रस-रॉड म्हणतात) चावीनें फिरते कीं नाहीं तें विक्रेत्याकडूनच फिरवून घ्यावें. गंजून बसलेली कांब म्हणजे निम्मी किंमत गेली. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि तेथेंच दाबून निघणारा सूर एक यावयास पाहिजे. पडद्यांवर खोल चरे पडले असतील तर ते बदलण्याचा खर्च किंमतींतून वजा मागावा. खुंट्या एकेक फिरवून पाहाव्या. वायर जोडून आवाजाचीं बटनें सावकाश फिरवावीं : नुसती खरखर असेल तर ती बहुधा धूळ, दहा मिनिटांचें काम, पण वायर हलवितांच आवाज जात असेल तर सांधा सुटलेला. ध्वनिक्षेपकाच्या पडद्यावर दोन्ही हातांचीं बोटें ठेवून तो हलकेच आंत दाबावा. आंत घांसल्याचा आवाज आला किंवा जळका वास आला, तर नमस्कार करून उठावें. कांहीं बेसांच्या पोटांत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि वायर खोंचलेली राहिली कीं ती रात्रभर खर्च होत राहते. ऐन हळदीच्या रात्रीं बेस मुकी होण्याचें हें एक नेहमींचें कारण आहे.

तारांविषयीं एक घरगुती युक्ति सांगतों. बेसच्या तारांचा एक जोड दोन-तीन हजारांपर्यंत जातो, आणि घामानें व मळानें थोडक्याच काळांत त्यांचा नाद मरतो. अशा मेलेल्या तारा काढून, गुंडाळून दहा मिनिटें उकळत्या पाण्यांत ठेवाव्या व कोरड्या पुसून पुन्हा चढवाव्या. वेटोळ्यांतील मळ निघून चार-दोन कार्यक्रमांपुरता नाद परत येतो. मात्र त्यासाठीं स्वयंपाकघरांतील पातेलें वापरावयाचें झाल्यास आधीं आईची किंवा काकूंची परवानगी घ्यावी. निराळें पातेलें ठेवल्यास उत्तम.

हिशेब कसा बसतो तें पाहूं. समजा, वाद्य १८ हजार, लहान अ‍ॅम्प्लिफायर १५ हजार, आणि डबी, वायरी, पिशवी मिळून ४ हजार. एकूण ३७ हजार. जेवण-प्रवास वजा जातां एका कार्यक्रमामागें हजार रुपये उरले, तर सदतीस कार्यक्रमांनीं मुद्दल सुटलें. आपल्याकडे लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतरची, मध्यें पौष कोरडा, आखाजीच्या सुमारास गर्दी, आणि आषाढीपासून चातुर्मासांत लग्नें बंद. श्रावणांत कानबाईची मिरवणूक, मग गणपति आणि नवरात्र एवढाच आधार. वर्षाला पंचवीस कार्यक्रम धरले तर दीड वर्ष लागतें. हा धंदा बुडीत नाहीं. पण त्यावर स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्याची घाईहि कोणी करूं नये. शिवाय एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो बसलेला असतो शेजारींच : कीबोर्डवाल्याचा डावा हात. पुष्कळ मालक त्या हातावर बेसचें काम भागवून एका माणसाची बिदागी वांचवितात. म्हणून नुसती बेस येऊन भागत नाहीं. मिक्सर चालविणें, वायर जोडणें, थोडें गाणें, यांपैकीं कांहीं तरी अंगीं असलें तरच बोलावणें टिकतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावासा वाटला ती. मांडवांतील वीज बहुधा तात्पुरती ओढलेली असते. जनरेटर एकीकडे, खांबावरची वीज दुसरीकडे, जमिनीची जोडणी कोठेंच नाहीं. आणि तीन कांट्यांचा प्लग दोन भोंकांत बसत नाहीं म्हणून मधला कांटा मोडून टाकलेला. अशा वेळीं अ‍ॅम्प्लिफायरमध्यें दोष असला तर गिटारच्या तारांवर वीज उतरते. हात तारेवर आहे, आणि निराळ्या जोडणीवरील मायक्रोफोनला ओंठ लागले, कीं वीज त्या दोहोंमधून, म्हणजे माणसाच्या छातींतून जाते. ३ मे १९७२ रोजीं वेल्समधील स्वान्सी येथें ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचा लेस्ली हार्वी हा गिटारवादक भर कार्यक्रमांत याच तऱ्हेनें मरण पावला. आपल्याकडे मांडव ओला, पाय अनवाणी, आणि मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा.

उपाय महाग नाहींत. सर्व यंत्रें एकाच, जमिनीला जोडलेल्या बोर्डावरून घ्यावीं. मधला कांटा कधींहि मोडूं नये. मुख्य फळीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असल्याशिवाय वायर जोडूं नये. हा स्विच दोन-तीन हजारांत येतो आणि माणूस मधें सांपडला तर क्षणार्धांत वीज तोडतो. पांचशें रुपयांच्या मीटरचें एक टोंक तारेला व दुसरें मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावें. कांटा शून्याजवळ असेल तरच पुढें व्हावें. नुसता आवाजहि इशारा देतो : घरच्या विजेचीं आंदोलनें सेकंदास ५०, म्हणजे नेमकीं बेसच्या दोन जाड तारांच्या मधलीं. तारेला हात लावतांच ती गुणगुण वाढत किंवा बदलत असेल तर जमिनीच्या जोडणीची शंका घ्यावी. मालक म्हणेल, वरात खोळंबली आहे. खोळंबूं द्यावी. वडील मंडळींनीं मुलास वाद्य घेऊन देतांना एकच अट घालावयाची असेल तर ती ही घालावी.

दुसरी इजा सावकाश होते. ८५ डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो असें धरलें, तर प्रत्येक तीन डेसिबलला मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. गाडीवरच्या भिंतीपुढें पंधरा मिनिटें म्हणजे वरात चौकापर्यंतहि जात नाहीं. कानांत घालावयाचीं रबरी बोंडें कांहीं शें रुपयांत मिळतात, तीं घालण्यांत लाज कसली? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा ध्वनिक्षेपक उघड्यावर बंद ठेवावयाचे असतात. राज्य सरकारला वर्षांतून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देतां येते. आपल्याकडे या भिंतींना सरसहा ‘डॉल्बी’ म्हणतात. १९६५ सालीं आपली कंपनी काढणाऱ्या रे डॉल्बी या गृहस्थाची कीर्ति ध्वनिमुद्रणांतील खरखर कमी केल्याबद्दलची, हें त्या भिंतीखालीं उभें राहून कोणाला सांगावें!

राहिली प्रतिष्ठेची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत पुतण्यानें बेस घेण्याची गोष्ट काढली तेव्हां थोरले काका म्हणाले, “अरे, तंबोरा घरांत आहे, तो शीक. लग्नांत वाजविणार म्हणजे वाजंत्र्यांच्या पंगतीला बसणार का?” पुतण्या म्हणाला, “बसवतील तेथें बसेन, काका. पण बिदागी आधीं ठरवून घेईन. तुम्ही सत्यनारायणाला गुरुजींची ठरवितां तशी.” काका हंसले नाहींत, पण रागावलेहि नाहींत. प्रश्न तितका हलका नाहीं. पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं आपल्या दारीं सनई-संबळ वाजविलें, त्यांना आपण ओसरीच्या पायरीवर बसविलें, त्यांच्या सुरावर मंगलाष्टकें म्हटलीं, आणि त्यांचा हात मात्र हलका मानला. आतां आपला मुलगा त्यांच्या मुलाशेजारीं उभा राहून त्याच्याकडून ठेका शिकतो आहे. यांत घराण्याला उणेपणा आला असें ज्यांना वाटतें, त्यांच्याशीं आमचें जमणार नाहीं. मुलींनींहि हें वाद्य धरावयास हरकत नाहीं : १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ध्वनिमुद्रणगृहांत कॅरल के ही बाई सर्वांत मागणी असलेल्या बेसवादकांत गणली जाई, आणि आपल्याकडे १९९६ सालीं जन्मलेली मोहिनी डे ए. आर. रहमान यांच्या वाद्यवृंदांत वाजवून नांवारूपास आली.

वाद्य सांभाळण्याविषयीं थोडें. खानदेशचा वैशाख चाळिशी सहज ओलांडतो. बंद गाडींत उन्हांत ठेवलेल्या बेसची मान वांकते आणि सरसाचे सांधे ढिले होतात. पावसाळ्यांत लांकूड फुगतें, तेव्हां कांब पाव फेरा फिरवावी लागते. पाव म्हणजे पावच.

विकावयाची वेळ आलीच तर हंगाम पाहावा. आषाढांत हातचें काम संपलेलें, मुलांच्या शाळेचा खर्च उभा, म्हणून विकणारे पुष्कळ आणि घेणारे थोडे. घ्यावयाचें असेल तर तेव्हां घ्यावें. विकणारानें दिवाळीपर्यंत धीर धरावा, कारण तुळशीच्या लग्नाआधींचे पंधरा दिवस गिऱ्हाईक स्वतः शोधत येतें. मूळ भाग बदलूं नयेत, बदललेच तर जुने जपून ठेवावेत. सोनेरी बटनें व भडक रंग यांनीं किंमत वाढत नाहीं, घटते. बिल आणि अनुक्रमांक दाखविले कीं चोरीच्या मालाची शंका राहत नाहीं. दोष असेल तो आपण होऊन सांगावा. साक्री-पिंपळनेरच्या टापूंत बेस वाजविणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पुढच्या लग्नांत घेणारा शेजारींच उभा असावयाचा. पैसे रोख घेतले तरी कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्या. आणि देण्यापूर्वीं ट्रस-रॉडची चावी पिशवीच्या लहान कप्प्यांत आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. ती नसली तर गिऱ्हाईक शंभर रुपयांच्या वस्तूसाठीं हजार कापून मागतें, आणि मिळवितेंहि.